पाळणाघरातील कापडी लंगोट

कापडी लंगोट म्हणजे बाळाचे मलमूत्र शोषून घेण्यासाठी त्याच्या कमरेभोवती बांधले जाणारे आणि धुऊन पुन्हा वापरता येणारे वस्त्र होय. मराठीत बाळाच्या अशा कपड्यांसाठी 'बाळोते' हा जुना शब्द आहे. शहरी बोलीत 'नॅपी' किंवा 'कापडी डायपर' असेही म्हटले जाते. घरी लंगोट बदलणे, धुणे आणि वाळवणे ही कामे बहुधा एकाच कुटुंबातील माणसे करतात. पाळणाघरात मात्र लंगोट बदलणारी व्यक्ती एक आणि धुणारी दुसरी असते. शिवाय एकाच खोलीत अनेक बाळे वावरतात आणि खाणे, खेळणे, झोपणेही तेथेच होते. त्यामुळे पाळणाघरात कापडी लंगोट वापरताना कापडाच्या निवडीइतकेच महत्त्व मळलेला लंगोट कोणी, कसा व किती वेळ हाताळावा या शिस्तीला असते. ही शिस्त पाळली गेली नाही तर अतिसारासारखे रोग एका बाळाकडून दुसऱ्याकडे पसरण्याचा धोका वाढतो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात बाळासाठी जुन्या, अनेकदा धुऊन मऊ झालेल्या सुती धोतराचे किंवा लुगड्याचे लंगोट करण्याची पद्धत दीर्घकाळ प्रचलित आहे. बाळंतविड्यात झबली, टोपडी आणि दुपट्यांबरोबर लंगोटही दिले जातात. पारंपरिक लंगोट त्रिकोणी असून त्याच्या टोकांना नाड्या असतात. त्यावर जलरोधक आवरण नसते. ओल अंथरुणात उतरू नये म्हणून बाळाखाली मेणकापड किंवा रबरी कापड घातले जाते. असा लंगोट ओला होताच बदलावा लागतो. जोडीला बाळाला ठरावीक वेळी पायांवर बसवून शी-शू करवण्याची प्रथाही आहे. या दोन्ही गोष्टींसाठी बाळाजवळ सतत कोणीतरी असणे गृहीत धरलेले असते. एका सेविकेकडे अनेक बाळे असलेल्या पाळणाघरात ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही.

पाश्चात्त्य देशांत चौकोनी सुती कापडाची घडी पिनेने अडकवण्याची रीत होती. वॉल्टर हंट या अमेरिकी संशोधकाने १८४९ मध्ये सेफ्टी पिनेचे एकस्व मिळवले. मॅरियन डोनोव्हन यांनी १९४० च्या दशकात कापडी लंगोटावर चढवण्याचे जलरोधक आवरण तयार केले व त्यात पिनेऐवजी टिचबटणे वापरली. प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीने १९६१ मध्ये 'पॅम्पर्स' हे एकदाच वापरून टाकण्याचे डायपर बाजारात आणले. पुढे अशा डायपरमध्ये सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट हा अतिशोषक पदार्थ वापरला जाऊ लागला. नोकरी करणाऱ्या पालकांमध्ये आणि पाळणाघरांमध्ये असे डायपर सोयीमुळे रूढ झाले. कचरा, खर्च आणि बाळाची त्वचा यांविषयीच्या विचारातून अनेक पालक आता पुन्हा कापडी लंगोटांकडे वळतात. परंतु हे लंगोट पारंपरिक बाळोत्यांपेक्षा रचनेने वेगळे असतात.

रचना व प्रकार

आधुनिक कापडी लंगोटाचे मुख्यतः दोन भाग असतात: मूत्र धरून ठेवणारा शोषक थर आणि ओल बाहेर येऊ न देणारे आवरण. आवरणासाठी बहुधा पॉलियुरेथेनचा पातळ थर चढवलेले पॉलिएस्टर कापड वापरतात. शोषक थर सुती, टेरी, हेम्प, बांबूपासूनचे व्हिस्कोस किंवा मायक्रोफायबर यांचा असतो. मायक्रोफायबर मूत्र चटकन शोषते, परंतु दाब पडल्यास ते पुन्हा बाहेर सोडते. तसेच ते त्वचेतील ओलावाही ओढून घेत असल्याने थेट अंगाला लागू देत नाहीत. सुती व हेम्पचे कापड सावकाश शोषते, पण अधिक काळ धरून ठेवते.

सपाट लंगोट: एकपदरी चौकोनी किंवा त्रिकोणी कापड. धुण्यास व वाळण्यास सर्वांत सोपे, मात्र घडी घालण्याचा सराव लागतो.

घडीचा लंगोट: मध्यभागी जाड पदर शिवलेले कापड. ते आवरणात ठेवून वापरतात.

खिशाचा लंगोट: आवरण व आतील कोरडे अस्तर यांच्यामध्ये खिसा असून त्यात शोषक घडी सरकवतात. धुण्यापूर्वी घडी बाहेर काढावी लागते.

सलग लंगोट: शोषक थर आवरणालाच शिवलेला असतो. बांधण्याची पद्धत टाकाऊ डायपरसारखीच असल्याने नवख्या सेविकेलाही तो चटकन जमतो. जाड असल्याने तो वाळण्यास मात्र वेळ लागतो.

पाळणाघरासाठी खिशाचे (घरूनच घडी भरून पाठवलेले) किंवा सलग लंगोट सोयीचे मानले जातात. त्यांत सुटे भाग जोडावे लागत नाहीत आणि बदलताना सर्व थर एकदम काढता येतात. पिनेने अडकवायचे लंगोट टोचण्याच्या धोक्यामुळे सामूहिक संगोपनात टाळले जातात. वेल्क्रोची पट्टी पटकन लागते, परंतु मोठी बाळे ती स्वतः उघडू शकतात. टिचबटणे अधिक टिकाऊ असतात.

पाळणाघरात पाठवण्याची तयारी

कापडी लंगोट साधारणपणे दर दोन ते तीन तासांनी आणि शी झाल्यास लगेच बदलावा लागतो. आठ-नऊ तास पाळणाघरात राहणाऱ्या बाळासाठी त्यामुळे चार-पाच लंगोट आणि एक-दोन जादा लंगोट पाठवले जातात. वरचेवर शी करणाऱ्या लहान बाळाला याहून अधिक लागतात. नव्या सुती किंवा हेम्पच्या कापडात नैसर्गिक तेलकटपणा असतो. काही वेळा धुतल्यानंतरच त्याची शोषणक्षमता पूर्णत्वास येते. म्हणून असे लंगोट घरी वापरून पाहिल्यानंतरच पाळणाघरात देतात.

लंगोटांबरोबर पुढील वस्तू दिल्या जातात:

• मळलेल्या लंगोटांसाठी चेनची जलरोधक पिशवी. स्वच्छ लंगोटांची पिशवी वेगळी असते.

• मल अडवणारे पातळ अस्तर. ते उचलले की घट्ट मल लंगोटापासून वेगळा होतो.

• ओले करून वापरण्याचे स्वच्छ सुती फडके किंवा पुसण्या.

• जादा कपड्यांचा जोड.

प्रत्येक लंगोट, आवरण आणि पिशवी यांवर न पुसली जाणारी शाई, कापडी पट्टी किंवा रंगीत दोऱ्याची खूण यांनी बाळाची ओळख नोंदवतात. एका बाळाचा लंगोट दुसऱ्यास वापरला जात नाही. पाळणाघर सुरू होण्यापूर्वी पालकांनी सेविकेसमोर एकदा लंगोट बांधून दाखवणे उपयुक्त ठरते. गळतीच्या बहुतेक तक्रारी कापडापेक्षा बांधणीशी संबंधित असतात. इलास्टिक जांघेच्या घडीत बसलेले असावे, कमरेशी दोन बोटे जातील इतपतच सैलपणा असावा आणि आतील शोषक कापडाचा कोणताही भाग आवरणाबाहेर डोकावू नये. बाहेर राहिलेली कडा ओल शोषून बाळाच्या कपड्यांपर्यंत पोहोचवते. मुलग्यांसाठी शोषक घडीचा जाड भाग पुढे, तर मुलींसाठी मध्यभागी ठेवतात.

लंगोट बदलण्याची पद्धत

लंगोट बदलण्याची जागा स्वयंपाक, जेवण आणि दूध तयार करण्याच्या जागेपासून वेगळी असावी लागते. तिचा पृष्ठभाग सलग, पुसता येण्याजोगा व पाणी न शोषणारा असतो. हात धुण्याची सोय हाताशी असावी, मात्र त्या बेसिनचा उपयोग भांडी किंवा बाटल्या धुण्यासाठी करू नये. उंच टेबल वापरत असल्यास बाळाच्या अंगावरील हात क्षणभरही काढला जात नाही. म्हणून सर्व साहित्य आधी काढून ठेवतात. जमिनीवर मेणकापड अंथरून लंगोट बदलल्यास पडण्याचा धोका राहत नाही.

सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो:

१. साहित्य जवळ घेऊन हात धुणे व बदलण्याच्या जागेवर स्वच्छ कागद किंवा फडके अंथरणे.

२. मळलेला लंगोट सोडून बाळाला पुढून मागे या दिशेने पुसणे. मुलींच्या बाबतीत ही दिशा मूत्रमार्गाच्या संसर्गाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची असते.

३. मळलेला लंगोट आतल्या बाजूने गुंडाळून थेट जलरोधक पिशवीत ठेवणे. तो जमिनीवर, बेसिनमध्ये किंवा इतर कपड्यांत ठेवला जात नाही.

४. त्वचा कोरडी करून स्वच्छ लंगोट बांधणे.

५. बाळाचे हात धुणे व त्याला सुरक्षित जागी ठेवणे.

६. पृष्ठभाग धुऊन त्यावर जंतुनाशक लावणे आणि शेवटी स्वतःचे हात साबणाने धुणे.

७. लंगोट बदलल्याची वेळ, शीचे स्वरूप आणि त्वचेवरील लाली यांची नोंद करणे.

हातमोजे घातले तरी हात धुण्याची आवश्यकता संपत नाही. नोरोव्हायरससारख्या काही रोगकारकांवर अल्कोहोलयुक्त द्रावण पुरेसे परिणामकारक ठरत नसल्याने साबण व वाहते पाणी यांना प्राधान्य दिले जाते.

मळलेल्या लंगोटांची साठवण व परतपाठवणी

घरगुती सवय आणि सामूहिक संगोपनाची शिस्त यांत सर्वांत मोठा फरक या टप्प्यावर पडतो. घरी शी झालेला लंगोट लगेच खळबळून ठेवण्याची सवय असते आणि त्यामुळे डाग बसत नाहीत. पाळणाघरात तसे केल्यास मलमिश्रित पाण्याचे शिंतोडे हातांवर, नळावर आणि भोवतालच्या पृष्ठभागांवर उडतात व तेथून जंतू इतर बाळांपर्यंत पोहोचतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स आणि अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशन यांच्या सहभागाने तयार झालेल्या बालसंगोपन केंद्रांसाठीच्या मानकांनुसार शोषक थर व बाहेरील आवरण ही दोन्ही एकाच वेळी बदलावीत, मळलेला लंगोट केंद्रात खळबळू नये आणि तो जलरोधक वेष्टनात बंद करून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवून, त्याच दिवशी पालकांच्या स्वाधीन करावा.

मल अडवणारे अस्तर वापरले असल्यास घट्ट मल शिंतोडे न उडवता शौचकूपात टाकता येतो. अस्तर पाण्याबरोबर वाहून जाते असे वेष्टनावर लिहिलेले असले तरी ते नळ तुंबवू शकते. म्हणून ते कचऱ्यात टाकणे श्रेयस्कर असते. लंगोट बादलीत पाण्यात भिजवून ठेवण्याची पद्धतही पाळणाघरात टाळली जाते. साचलेल्या पाण्यात जंतूंची वाढ होते, दुर्गंधी सुटते आणि उघड्या बादलीत लहान मूल बुडण्याचा धोका असतो. अगदी थोडे पाणीही त्यासाठी पुरेसे ठरू शकते.

दूध पिणाऱ्या बाळाची शी निरुपद्रवी असते, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. प्रत्यक्षात रोटाव्हायरस, शिगेला, जिआर्डिया आणि हिपॅटायटिस-अ चा विषाणू हे सर्व लहान मुलांच्या मलातून पसरू शकतात. हिपॅटायटिस-अ ची लागण झालेल्या लहान मुलांमध्ये अनेकदा कोणतीही लक्षणे दिसत नाहीत. त्यामुळे निरोगी दिसणाऱ्या बाळाचा लंगोटही त्याच काळजीने हाताळावा लागतो.

घरी धुण्याची पद्धत

पाळणाघरातून आलेली पिशवी त्याच संध्याकाळी उघडली जाते. उष्ण व दमट हवेत बंद राहिलेल्या ओल्या लंगोटांवर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते सहसा निघत नाहीत. उरलेला मल शौचकूपात टाकून लंगोट थंड पाण्यात खळबळतात. सुरुवातीलाच गरम पाणी वापरल्यास मलातील प्रथिने धाग्यात घट्ट बसून डाग पक्का होतो. त्यानंतर पुरेशा साबणचुऱ्याने मुख्य धुलाई आणि शेवटी भरपूर पाण्यात विसळणे असा क्रम असतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने कापडी लंगोटांसाठी ६० अंश सेल्सिअस तापमान सुचवले आहे. आवरण मात्र उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेतच तापवतात, कारण अधिक उष्णतेने त्याचा जलरोधक थर सुटतो. धुलाई यंत्रात पाणी तापवण्याची सोय नसल्यास शोषक घड्या वेगळ्या काढून गरम पाण्यात धुतल्या जातात.

कपडे मऊ करणारी द्रावणे लंगोटांसाठी वापरली जात नाहीत, कारण ती धाग्यावर थर चढवून शोषणक्षमता घटवतात. साबण कमी पडल्यास मूत्रातील घटक धाग्यात साचतात. जिवाणू त्यातील युरियाचे विघटन करतात आणि लंगोट ओला होताच अमोनियाचा उग्र वास येतो. कठीण पाण्यात साबणाचा प्रभाव घटतो, म्हणून बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या घरांत ही तक्रार अधिक संभवते. उलट, साबण नीट विसळला न गेल्यास त्वचेला जळजळ होऊ शकते.

उन्हात वाळवल्याने डाग फिके होतात आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे जंतूंची संख्या घटण्यास मदत होते. कोकणासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात पावसाळ्यात जाड लंगोट दोन-दोन दिवस वाळत नाहीत. त्या काळात सपाट कापड व वेगळे आवरण ही रचना अधिक व्यवहार्य ठरते. अर्धवट सुकलेल्या सुती घड्यांवर इस्त्री फिरवल्यास उरलेली ओल जाते. आवरणावर मात्र इस्त्री करत नाहीत. दमट लंगोट घडी करून ठेवणे किंवा पाळणाघरात पाठवणे टाळले जाते.

त्वचेचे आरोग्य

लंगोटाखालील त्वचेचा दाह बाळांमध्ये वारंवार आढळतो. ओलाव्याने त्वचा नरम पडते, घर्षणाने तिला इजा होते आणि मूत्रापासून तयार होणाऱ्या अमोनियामुळे तिची आम्लता घटते. आम्लता घटली की मलातील प्रथिने व मेद पचवणारी विकरे अधिक क्रियाशील होऊन त्वचेला हानी पोहोचवतात. अतिशोषक पदार्थ असलेले टाकाऊ डायपर त्वचा तुलनेने कोरडी ठेवतात. कापडी लंगोटाच्या बाबतीत हेच काम वेळेवर बदलण्याने साधावे लागते. त्यामुळे पाळणाघरात लंगोट दिवसातून दोनदाच बदलला जात असेल, तर कापडाच्या गुणवत्तेचा बाळाला फारसा लाभ होत नाही.

जस्तयुक्त किंवा पेट्रोलियम जेलीसारखी मलमे कापडावर थर चढवतात. ती लावणे आवश्यक असल्यास मध्ये वेगळे अस्तर घालतात आणि तशी सूचना सेविकेला देतात. जांघेच्या घड्यांत गडद लाल चट्टे व त्याभोवती लहान पुटकुळ्या दिसल्यास कँडिडा बुरशीचा संसर्ग असू शकतो. अशा वेळी वैद्यकीय सल्ला आवश्यक असतो. बाळाला अतिसार झालेला असताना मळलेल्या कपड्यांची हाताळणी कमी व्हावी म्हणून तात्पुरते टाकाऊ डायपर वापरण्याचा पर्यायही स्वीकारला जातो.

पर्यावरण व कचरा

कापडी लंगोटांचा पर्यावरणीय लाभ ते कसे धुतले जातात यावर बराचसा अवलंबून असतो. ब्रिटनच्या पर्यावरण अभिकरणाच्या २००८ मधील जीवनचक्र अभ्यासात एका मुलाच्या अडीच वर्षांच्या वापरासाठी टाकाऊ डायपरमुळे सुमारे ५५० किलोग्रॅम, तर सरासरी पद्धतीने धुतलेल्या कापडी लंगोटांमुळे सुमारे ५७० किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते, असे आढळले. यंत्र पूर्ण भरून धुणे, दोरीवर वाळवणे आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलासाठी वापरणे यांमुळे कापडी लंगोटांचे उत्सर्जन सुमारे ४० टक्क्यांनी घटते; विजेच्या यंत्रात वाळवल्यास ते वाढते. ब्रिटिश शासनाच्या २०२३ मधील अभ्यासात हेच आकडे टाकाऊ डायपरसाठी ४५७ व कापडी लंगोटांसाठी ३४५ किलोग्रॅम असे होते. हे निष्कर्ष ब्रिटनमधील वीज व सवयी यांवर आधारित आहेत. कपडे दोरीवर वाळवण्याची भारतातील पद्धत कापडी लंगोटांना अनुकूल आहे. पाणीटंचाईच्या भागात मात्र धुण्यासाठी लागणारे पाणी हा गंभीर प्रश्न असतो.

भारताच्या घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये वापरलेल्या डायपरचा समावेश 'सॅनिटरी कचरा' या प्रकारात करण्यात आला आणि तो उत्पादकांनी दिलेल्या पिशवीत किंवा योग्य वेष्टनात गुंडाळून देणे बंधनकारक ठरवण्यात आले. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने असा कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालवली. वर्गीकरण करणाऱ्या कामगाराला पुडके न उघडता ओळखता यावे, हा तिचा हेतू होता.

कायदेशीर संदर्भ

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४८ मध्ये तीसपेक्षा अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची तरतूद करण्यात आली. मुलांचे कपडे धुण्याच्या व बदलण्याच्या सोयींविषयी नियम करण्याचा अधिकार याच कलमाने राज्य शासनांना दिला. प्रसूती लाभ अधिनियमातील २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने अशा पाळणाघरांसाठी २०१८ मध्ये किमान मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

मर्यादा

कापडी लंगोट सुरुवातीला खर्चिक असतात. बचत दीर्घ वापरानंतर किंवा धाकट्या भावंडासाठी पुनर्वापर केल्यावरच दिसते. त्यांच्या वापराने वाढणारे श्रम बहुधा घरातील स्त्री आणि पाळणाघरातील सेविका किंवा मदतनीस यांच्या वाट्याला येतात. मळलेले लंगोट धुण्याची अपेक्षा मदतनीस महिलेकडून, पुरेसे साबण, पाणी किंवा हातमोजे न देता केली गेल्यास तिच्या आरोग्याला धोका संभवतो आणि तेच हात पुढे मुलांना भरवत असल्यास संसर्गाची साखळी पूर्ण होते. त्यामुळे लंगोट बदलण्याची जबाबदारी पाळणाघराची आणि धुण्याची जबाबदारी कुटुंबाची किंवा स्वतंत्र धुलाई सेवेची, ही विभागणी प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट केली जाते. पाण्याची टंचाई, घरातील आजारपण किंवा पावसाळ्यातील दमटपणा अशा काळात दिवसा टाकाऊ डायपर व घरी कापडी लंगोट, असा मिश्र वापरही अनेक कुटुंबे करतात.